कुत्र्याचं पथ्य

“कुत्र्याला काय, काहीही चालतं,” असं कोणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. हे वाक्य मी जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर ऐकलंय, मटणाच्या दुकानात ऐकलंय आणि माझ्याच घरात, ताटावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. म्हणणाऱ्याला स्वतःला दुपारचं वांगं संध्याकाळपर्यंत छळतं. कोबीने गॅस होतो, हरभऱ्याच्या डाळीने पोट फुगतं, पाहुण्यांकडे गेला तर “मला तिखट कमी” असं आधी सांगून ठेवतो. पण कुत्र्याच्या पोटात मात्र याच्या मते वीटभट्टी आहे. टाका काहीही, जळून जातं.

आमच्या कुत्र्याच्या पोटात वीटभट्टी नव्हती. हे लोकांना पटायला त्याला मरणाच्या दारात जावं लागलं, आणि तिथून त्याला परत आणताना मी नांदेडात जेवढ्या लोकांशी भांडले तेवढ्यांशी उभ्या जन्मात भांडले नसेन.

तो आला भूकंपाच्या साली. माझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. भूकंप झाल्यावर त्यांना लातूरकडच्या गावांत मदतीच्या कामाला पाठवलं, आणि ते परत आले ते कापडी पिशवीत एक पिल्लू घेऊन. तेव्हा नांदेडात घरं शाबूत असूनही गल्लीतले आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून झोपत होतो. कपाटाचं दार करकरलं तरी माणसं उठून बसत. यजमान तिकडचं फारसं काही बोलले नाहीत. पिल्लाबद्दल एवढंच सांगितलं, की याची आई सापडली नाही आणि हे पावावर जगलंय.

पाव! ज्वारीच्या मुलखात पाव. मदतीच्या गाड्यांतून पाव आणि बिस्किटांचे पुडे नुसते ओतले जात होते, म्हणाले. ज्या माणसांनी जन्मभर सकाळी भाकरीच खाल्ली, त्यांच्या हातात पाव. पिठाची पिशवी आणि तवा दिला असता तर बायांनी तीन दगड मांडून आपलं आपण रांधलं असतं. देणाऱ्यांच्या मनाला मी नावं ठेवत नाही. पण घेणाऱ्याच्या पोटाला काय मानवतं हे विचारायला काय जात होतं? चार दिवस गेल्यावर लोकांना तो पाव गिळवेना, आणि मग तो कुत्र्यांपुढे गेला. मला ते ऐकूनच संताप आला होता, आणि त्या संतापातच मी त्या पिल्लाला भाकरीवर आणायचं ठरवलं.

पहिले काही दिवस त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. बिस्कीट दे म्हणून माझ्या पायाशी कुंकूं करत बसायचा. मीही हट्टाला पेटले. ताकात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. भूक लागल्यावर गेला, चाटूनपुसून खाल्ली, आणि मग पुढची आठ-नऊ वर्षं तो त्याच भाकरीवर ठणठणीत राहिला. आमच्या घरात मटण-मासळी शिजत नाही. पण घरामागे मोकळं रान होतं, तिथल्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त तो आपला आपण करायचा आणि तोंड पुसून साळसूदपणे अंगणात येऊन झोपायचा. मुलांनी त्याची तीन नावं ठेवली, तो एकालाही ओ देत नसे. “ए” म्हटलं की यायचा.

मग क्लासचं वेड आलं. आधी त्याबाबतीत नाव लातूरचंच होतं. बघता बघता नांदेडही त्याच नादाला लागलं. चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले फलक लागले. आमच्या मागचं मोकळं रान गेलं आणि तिथे क्लासची तीन मजली इमारत उभी राहिली. उंदीर गेले, घुशी गेल्या, त्यांच्या जागी सायकली आल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या, बाहेरून लोखंडी जिने लागले. आमच्याही घरावर दोन चढल्या, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. अहमदपूर, कंधार, देगलूर, कुठून कुठून आलेल्या मुली त्यांत राहायच्या.

त्या मुलींना सोडायला येणाऱ्या आया मला अजून दिसतात. एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात खाण्याची पिशवी. तुपाची बरणी, डिंकाचे लाडू, स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली आणि बदाम. बदाम तर पाहिजेतच. रात्री भिजव, सकाळी सोल, चावून खा, मग बघ कसं पाठ होतं. बदामाने मार्क वाढतात ही बातमी या मुलखात कोणी आणली कोण जाणे, त्याला धरून बडवायला हवं. ज्या पोरीने घरी कधी सणालासुद्धा बदाम पाहिला नाही तिच्यापुढे एकदम मूठभर बदाम, आणि रोजची भाकरी मात्र बंद. कारण भाकरी रोज थापायला माणूस लागतं, आणि आई तर गावी रानात. मग मेसचा डबा लावायचा. दुपारी एक, संध्याकाळी एक. मेसवाला सायकलच्या दांडीला दोन्हीकडे डबे लटकवून यायचा, भरलेला डबा फाटकाच्या खिळ्याला अडकवायचा आणि आधीचा रिकामा घेऊन जायचा.

अशा काळात आमचा कुत्रा सुटला. म्हणजे अंगाने सुटला. पोट जमिनीकडे ओढायला लागलं, चालताना धापा टाकायचा. मग अंगाला खाज सुटली, पाठीवरचे केस गेले. मग उलट्या. एके सकाळी तो उठेचना. पाठ कमानीसारखी वाकवून, डोकं पायांत घालून नुसता थरथरत बसला.

यजमान आणि मी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर एक म्हैसवाला बसला होता. त्याने पहिला प्रश्न केला, “गावठीच हाय ना?” मी म्हटलं, हो. “मग कशाला एवढी परेशानी करून राहिले, बाई? कुत्र्याला काय, काहीबी चालतं.” मी त्याला विचारलं, तुमच्या म्हशीला घालता का काहीही? तर म्हणतो कसा, “ती दूध देती न!” म्हणजे जे दूध देतं त्याचं पोट ते पोट, आणि जे नुसतं दारात बसून जीव लावतं त्याचं पोट म्हणजे उकिरडा. मी तोंड फिरवून बसले, नाहीतर तिथेच जुंपली असती.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. कुत्रा कळवळला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “हा कुत्रा आहे का मंगल कार्यालयातला आचारी? काय खायला घालता याला?”

“भाकरी. दूध-भाकरी, ताक-भाकरी,” मी म्हणाले.

“खरं सांगा.”

“खरंच सांगतेय.”

“बाई, भाकरी खाऊन कुत्र्याचं असं होत नाही. हे तेल आहे. मसाला, मीठ, कांदा. आतून पार सुजलाय तो. काळीज, स्वादुपिंड, सगळं.” सलाईन लावता लावता त्यांनी पथ्य सांगितलं. तेल, मीठ, कांदा-लसूण, गोड, बेदाणे, सगळं बंद. घरी बिनमिठाचं शिजवून घाला. मटणवाल्याकडून चरबी नसलेलं आणा, उकडून द्या. शिजवलेलं हाड चुकूनही नको, ते आत टोचतं. भोपळा द्या, थोडा भात द्या. आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, “पुन्हा एकदा जरी याच्या पोटात असं तेलकट गेलं ना, तर मग इकडं आणू नका. सरळ खड्डा खणा.”

मला एवढा अपमान वाटला म्हणून सांगू! मी, जिने त्याला बिस्किटावरून भाकरीवर आणला, तिला हा माणूस खोटं पाडत होता. पण कुत्र्याकडे बघितलं. तो डोळे मिटून माझ्या पदरावर हनुवटी टेकून पडला होता. भांडून त्याला बरं वाटणार नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझा भाचा आला. पुण्याहून येणाऱ्या माणसाला आमच्याकडच्या प्रत्येक गोष्टीवर इलाज ठाऊक असतो. “मावशी, कसली भाकरी घेऊन बसलीस? तिकडे सगळे पाकिटातलं देतात,” असं म्हणून त्याने पिशवीतून चकचकीत पाकीट काढलं. वर एका झुबकेदार विलायती कुत्र्याचा हसरा फोटो. आत गोळ्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. मी पाकिटाची मागची बाजू त्याच्याकडून वाचून घेतली. मका, गव्हाचा कोंडा, कसली कसली पावडर, मीठ, रंग, आणि कोंबडीची चव. कोंबडी नव्हे, कोंबडीची चव! आणि रंग कशाला? कुत्रा काय गोळी उचलून उजेडात धरून बघणार आहे, की आज हिरवी आहे का लाल? रंग विकत घेणाऱ्यासाठी होता. फोटोही त्याच्यासाठीच. चाललंय काय, तर माणसाच्या डोळ्यांना भुलवायचं आणि भरायचं कुत्र्याच्या पोटात. कुणाला लागू पडत असेल तर पडो, पण माझ्याकडे सुजलेलं काळीज घेऊन बसलेला जीव होता, त्याच्यावर मी रंगीत गोळ्यांचा प्रयोग करणार नव्हते. भाच्याला सांगितलं, पाकीट परत घेऊन जा आणि जाताना तूच चाख.

मी मागच्या अंगणात तीन दगड मांडून चूल केली. घरात मटण शिजायचं नाही हा नियम मी मोडला नाही, पण अंगणाबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं. बिनमिठाची ज्वारीची भाकरी, लाल भोपळ्याची फोड, मूठभर भात, एक उकडलेलं अंडं, आणि एका पातेल्यात उकडलेलं मटण, वर जमलेली चरबी काढून टाकलेलं. बक्षीस म्हणून आमच्या जवळच्या अर्धापूरच्या केळ्याची एखादी चकती. हे त्याचं ताट.

ते मटण आणायला मी पहिल्यांदा गेले तो दिवस विसरणार नाही. डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, “चरबी नको. कुत्र्यासाठी पाहिजे.” दुकानदार सुरा पुसत हसला. “हाव भाबी. बिनामटणाच्या घरचे सगळे असंच म्हणतेत. मोहल्ल्यात इत्के कुत्रे कुठून आले, मलाच समजंना.” रांगेतले सगळे हसले. आणि ही थट्टा दुकानात राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. संध्याकाळी शेजारणीने भिंतीवरून विचारलं, “चुलीवरचं बरं लागतं म्हणे, हो ना?” माझ्या सासरच्या सात पिढ्यांत कोणी मटण हुंगलं नाही, आणि मी कुत्र्याचं काळीज वाचवायला निघाले तर गल्लीने माझ्याच जिभेला चटक लावली. सगळ्यांना बोलावून त्यांच्यासमोर कुत्र्याला वाढायचं का आता? मी खरंच विचार केला होता.

पथ्य लागू पडलं. तो उठला, शेपटी हलवली, चार पावलं चालला. पाठीवर बारीक लव दिसायला लागली. मी म्हटलं, जिंकलं, आणि इतके दिवस घरात बांधून ठेवलेल्या त्याला पुन्हा अंगणात मोकळं सोडलं. आणि एके दिवशी सकाळी बघते तर अंगणभर उलटी. पिवळी, तेलकट, वर तेलाचा तवंग. तो पुन्हा पाठ वाकवून बसलेला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला खड्ड्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन मी सगळ्यांच्या झडत्या घेतल्या. यजमान त्याला चहातलं बिस्कीट द्यायचे हे मला ठाऊक होतं. त्यांना उभं केलं. त्यांनी देवाची शपथ घेतली. शेजारणीला भिंतीवरून सरळ विचारलं, कुत्र्याला काही घातलंत का? तिने “आम्हालाच पुरत नाही, तुमच्या कुत्र्याला कुठून घालू” असं म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, बाई, तुमचा कुत्रा फाटकाबाहेर येतच नाही आजकाल. आणि ते खरं होतं. तो दिवसभर अंगणातच असायचा. म्हणजे जे काही होत होतं ते माझ्याच अंगणात होत होतं.

तेव्हा मी दुपारी झोपायचं सोडलं. मागच्या दाराच्या आड स्टूल टाकून बसले. मेसवाल्याच्या सायकलची घंटी वाजली आणि आमचा म्हातारा कुत्रा, जो सकाळपासून मान उचलायला तयार नव्हता, तो कान टवकारून लोखंडी जिन्याच्या खाली जाऊन बसला. थोड्या वेळाने जिन्यावरून चपला वाजल्या. वरच्या खोलीतली अहमदपूरकडची मुलगी डबा घेऊन खाली आली. सतरा वर्षांची असेल, अगदी शांत, भाड्याच्या खोलीत आहे की नाही कळू नये अशी. ती शेवटच्या पायरीवर बसली, डब्याचे कप्पे वेगळे केले, आणि पोळ्या भाजीत बुडवून एकेक त्याच्यापुढे धरायला लागली. त्याच्याशी बोलत होती. “खा रे बाबा, खा लवकर, क्लास हाय मला.”

मी दार ढकलून बाहेर आले ते ओरडतच. “मारतेस की काय त्याला? कुणाच्या परवानगीने? सलाईन लावून आणलंय त्याला, दिसत नाही?” आणखीही बरंच बोलले. मुलगी घाबरून भिंतीला चिकटली. कुत्रा मात्र त्या गडबडीत उरलेली पोळी उचलून पसार झाला, हलकट.

“मला ठावं नव्हतं, काकू,” ती म्हणाली. “देवाशप्पथ. मला वाटलं त्याला भूक लागती.”

“आणि तुला नाही लागत?”

मी खालचा कप्पा उचलून बघितला. कोबीची भाजी, तिच्यावर बोटभर तेल. वरण म्हणजे पिवळं पाणी, सोड्याचा वास मारणारं. पोळी अशी की चप्पल शिवायला घ्यावी. तेच तेल, तोच मसाला, जो डॉक्टर कुत्र्याच्या पोटात बघत होते. मी म्हटलं, मग परत पाठवायचा होतास डबा. त्यावर ती एकदम रडायला लागली.

“परत न्हाई पाठवता येत, काकू. भरलेला डबा गेला की मेसवाले काका बाबाला फोन लावतेत. बाबानंच सांगून ठिवलंय, पोरगी जेवती का न्हाई ध्यान ठिवा म्हून. मग आई तिकडं जेवत न्हाई. दोन घास खाते मी, वरचा भात खाते. बाकीचं गळ्याखाली उतरतच न्हाई.”

म्हणजे बघा व्यवस्था. बापाने काळजीपोटी पहारा बसवला तो कुणावर, तर डब्यावर. डबा रिकामा म्हणजे पोरीचं पोट भरलेलं. मेसवाला डबा उचलून हलका लागला की खूश, बाप फोनवर ‘डबा खाली आला’, म्हणजे रिकामा आला, हे ऐकून खूश, क्लासवाला फलकावरच्या फोटोत खूश. आणि इकडे पोरगी वाळत चाललीय, माझा कुत्रा सुजून मरायला टेकलाय. चार महिने हे चाललं होतं. एकाही शहाण्याला त्या पोरीचा चेहरा बघावासा वाटला नाही. मला कुणाकुणाला जाऊन बडवावं हेच सुचेना.

आणि माझी अडचण अशी, की कुत्रा वाचवायचा तर त्याला बांधायला हवं. कुत्रा बांधला की डबा भरलेला परत जाणार. ती पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि तिलाही ते कळलं होतं. “उकिरड्यावर टाकू का?” तिने विचारलं. मी म्हटलं, अन्न उकिरड्यावर टाकायचं नाही, आणि गल्लीतली दुसरी कुत्री काय वाटेवर पडलीयत का, त्यांनाही पोट आहे.

त्या दिवशी मी कुत्र्याला साखळी घातली. संध्याकाळी चुलीवर त्याच्या भाकरी थापत होते तर ही हळूच येऊन दगडावर बसली. चुलीतले निखारे काटकीने सारत राहिली. मग म्हणाली, “काकू, त्याच्यातली एक मला देता?”

भाकरी फुगत होती, ती मी तव्यावर तशीच ठेवून तिच्याकडे बघितलं. डॉक्टर होणार म्हणून जिला घरदार सोडायला लावून इथे आणून टाकलीय, जिच्या कपाटात बदामाची पिशवी आहे, ती पोरगी कुत्र्याच्या वाटणीची भाकरी मागत होती. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. मी घरातून मीठ, ठेचा आणि दही आणून तिच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, खा. दोन भाकरी खाल्ल्या तिने. चावून, सावकाश, मान खाली घालून.

मग तो नेमच झाला. त्याची बिनमिठाची, हिची मिठाची. मटणाचं पातेलं बाजूला, तिच्या ताटाला त्याचा स्पर्श नाही. डब्यातल्या कोरड्या पोळ्या मी सुकवून गवळ्याला द्यायचे, तो त्याचं काय करायचा ते मी विचारलं नाही. तेलकट भाजी मातीत पुरायचे. डबा रिकामा जायचा, हे खोटं मी चालू ठेवलं, कारण दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. कुत्र्याच्या पाठीवर पुन्हा विरळ केस यायला लागले. मुलगी जिन्यावरून उतरताना गुणगुणायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता सांभाळा, अजून आत कच्चाच आहे तो, एक घाससुद्धा महागात पडेल.

अशातच एका दुपारी तिची आई आली. न कळवता, अहमदपूरहून एसटीने, डोक्यावर पिशवी. फाटकातून आत आली आणि थेट मागच्या अंगणात पोचली. तिला दिसलं ते असं: चूल पेटलेली, चुलीपाशी दगडावर तिची लेक बसलेली, शेजारी केसगळीचा कुत्रा, आणि मी एक भाकरी मोडून कुत्र्याच्या थाळीत टाकली आणि दुसरी तिच्या लेकीच्या हातावर ठेवली.

“काय करून राहिल्या हो बाई?” ती फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली. “माझ्या लेकराला कुत्र्याचं अन्न चारून राहिल्या? आमी काय भिकारी हाव का? डबा लावलाय आमी, सांजसकाळ! रोजच्या रोज खाली जातो डबा, मेसवाल्यानं सांगितलंय!”

शेजारीण भिंतीवर आली. तिला तर पर्वणीच. मुलगी “आई, आई” करत उठली, पण आईने तिला हाताने मागे सारलं. माझ्या तोंडात शंभर उत्तरं आली होती आणि सगळी शिव्यांची होती. तेवढ्यात फाटकावर घंटी वाजली. मी तरातरा गेले, खिळ्यावरचा डबा काढला आणि आणून तिच्यापुढे ठेवला.

“बसा,” मी म्हणाले. “पहाटेच्या उपाशी निघाला असाल. आधी जेवा, मग माझ्याशी भांडा.”

तिला ते अपेक्षित नव्हतं. नको नको म्हणाली. पण पुढ्यात आलेल्या अन्नाला नाही म्हणायची तिची शामत नव्हती, आमच्याकडच्या कुठल्याच बाईची नसते. जमिनीवर मांडी घालून बसली, डबा उघडला, हात जोडले आणि पहिला घास घेतला. चावायला लागली. चावतच राहिली. दुसरा घास तिने लहान घेतला. तिसरा तेलात बुडवलेला हातातच धरून ठेवला. थुंकली नाही, तोंड वाकडं केलं नाही, तोंडातलं मात्र पाण्याबरोबर गिळलं. आणि मग, जेवण संपवताना आपल्याकडे बायका करतात तसंच, तो घास तिने कुत्र्यापुढे धरला. “यू, यू.”

साखळी तिच्यापर्यंत पोचत होती. तो उठला. मी झेप घेऊन तिचं मनगट पकडलं.

“त्याला देऊ नका!”

“काहून? घास तर हाय.”

“मरेल तो. याच डब्याने दोनदा मरता मरता वाचलाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. “ह्या डब्यानं?”

“याच. चार महिने हाच डबा खाऊन.”

त्या बाईने हातातला घास बघितला, कुत्र्याची उघडी पडलेली पाठ बघितली. मग ती लेकीकडे वळली. मुलगी हातात भाकरी धरून खाली मान घालून उभी होती. मी मनगट सोडलं. तिने तो घास परत डब्यात ठेवला, पदराला हात पुसला आणि उठून लेकीजवळ गेली. तिचा दंड हातात धरून बघितला. मग खांदा. मग परकराच्या नाडीपाशी कंबर. बोटांनी चाचपत होती, एकेक हाड सापडत होतं.

“म्या डब्यालाच इचारत राहिले गं,” ती म्हणाली. “चार महिने. पोरगी जेवली का म्हून.”